कॅमेऱ्याकडे न बघणारी माणसं

१

मोतीरामच्या माणसांना एकच शिस्त होती. कॅमेऱ्याकडे कोणी बघायचं नाही.

माणसं म्हणजे बोटभर उंचीची. सावरीच्या हलक्या लाकडात कोरलेली, पोस्टर कलरने रंगवलेली आणि थंड पेयाच्या बाटल्यांच्या झाकणांत प्लास्टर भरून त्यावर उभी केलेली. आगरची डोक्यावर पाटी घेतलेली मासळीवाली, गंजाडच्या बाजारातला न्हावी, ताडाखाली उकिडवा बसलेला म्हातारा, बकरीमागे धावणारी मुलगी. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी केली तेवढी वर्षं मोतीरामने खिडकीपलीकडच्या माणसांकडे मान वर करून फारसं पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर ती सगळी आपसूक आठवू लागली. पेन्शनची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरेपर्यंत अख्खा पाडा कोरून झाला.

त्याचं घर सायवनच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत. ओटीवर खिडकीशी टेबल, टेबलावर लाल माती पसरून केलेलं आवार, आणि मागे डोंगराचा पडदा. हा पडदा म्हणजे एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. त्याच्या कोऱ्या पाठीवर मोतीरामने महालक्ष्मीचा डोंगर आणि वर निळं आभाळ रंगवलं होतं. उजेड मागून आला की आभाळात पुढाऱ्याचे दात दिसत, म्हणून फोटो नेहमी उजेड पाठीशी घेऊनच काढायचा. मुलाने, हार्दिकने, उंबरगावहून जुना कॅमेरा आणून दिला होता. तो पाटावर ठेवायचा, पाट उलट्या टोपावर ठेवायचा, आणि दुपारच्या उन्हात बारा-पंधरा फोटो काढून त्यातला बरा असेल तो निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवर सगळ्यांना एकच उत्तर येई, जोडलेले हात. कोणी वारलं तरी तेच, मोतीरामच्या न्हाव्यालाही तेच.

सगळ्या माणसांची तोंडं डोंगराकडे, अर्धी वळलेली. बघणाऱ्याची नजर त्यांच्या नजरेमागून डोंगराकडे जावी हे त्यातलं गमक, असं तो बायकोला समजावून सांगे. शांतीला ते गमक कधीच पटलं नाही.

"घरात आलेल्या माणसाकडे पाठ करून बसलेत," ती म्हणायची. "फोटो काढायचा तर समोर बघायला नको? असल्या लोकांना मी पाणी नाय विचारणार."

दोन हजार अठराची दिवाळी होऊन गेली आणि त्यानंतर एका दुपारी मांडणीवरची भांडी किणकिणली. मोतीरामला वाटलं, वाळूचा डंपर गेला. डंपर गेला तर रस्त्यावर धूळ दिसायला हवी, ती नव्हती. त्याने कॅमेऱ्यातून बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. फक्त मासळीवाली डोंगराकडे बघत नव्हती. ती टेबलाच्या डावीकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती.

आत शांती वाल सोलत बसली होती. मोतीरामने मासळीवालीला दोन बोटांत धरलं आणि तिचं तोंड डोंगराकडे केलं.

२

डंपर नव्हता हे दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. मग धक्के येतच राहिले. डहाणू आणि तलासरीकडच्या पाड्यांत माणसं झोपेतून उठून अंगणात पळू लागली. साहेब लोक आले, जमिनीत यंत्र पुरून गेले, आणि घाबरू नका असं सांगताना स्वतः मात्र दाराबाहेर उभे राहिले. पाड्यातल्या बायकांनी आपलं यंत्र केलं. उलट्या तांब्यावर दुसरा तांब्या उभा करायचा. जमीन हलली की वरचा पडणार. ज्याच्या त्याच्या घरात कोनाड्यात ही जोडी दिसू लागली. शांतीनेही ओटीवर टेबलाशेजारी एक मांडली.

तांब्या पडे तेव्हा माणसंही हलत. गोल बुडाची वस्तू भूकंपात जागच्या जागी फिरते, हे मोतीरामने कुठल्याशा विज्ञानविषयक लेखात वाचलेलं होतं, आणि वाचलेल्या गोष्टी उपयोगी पडल्या की त्याला बरं वाटे. खटकलं ते एवढंच की फिरायचं तर कोणीही कुठेही फिरावं. न्हावी एकीकडे, म्हातारा दुसरीकडे, बकरी तिसरीकडे. यांची तोंडं एकाच बाजूला वळत, स्वयंपाकघराकडे. त्याने टेबलावर सपाटी मोजायची बुडबुड्याची नळी ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये आला. तरी त्याने टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. काहीतरी केल्याशिवाय विषय बंद होत नाही, ही कचेरीची सवय.

त्या आठवड्यात शांती शेजारच्या बुधीबाईकडे कढीपत्ता द्यायला गेली असताना धक्का बसला आणि स्वयंपाकघरातली फळी भांड्यांसकट खाली आली. जिथे शांती रोज पाट टाकून बसायची तिथेच. पितळेची कळशी जमिनीवर आदळून चेपली होती. शांतीने ती उचलून पाहिली, आईने दिलेली म्हणून हळहळली, आणि केर काढायला लागली.

मोतीराम मात्र ओटीवर येऊन टेबलासमोर बसला. बारकी माणसं अजून तिकडेच बघत होती. त्याच्या मनात आलं ते त्याने लगेच हसण्यावारी नेलं, पण ते गेलं नाही. कुठे पडणार हे यांना आधी दिसतं.

मागचा दाखला एकच होता. पण एका दाखल्यावर त्याने आयुष्यात पुष्कळ अर्ज निकाली काढले होते.

३

शांतीला यातलं काही सांगायची सोय नव्हती. तिने एक तर हसून गावभर केलं असतं, नाहीतर टेबल चुलीत घातलं असतं. त्यामुळे स्वयंपाकघरात धूर फार होतो, असं कारण काढून मोतीरामने तिची बैठक बाजूच्या पडवीत हलवली. एवढी वर्षं धूर दिसला नाही आणि आत्ता दिसला, असं ती म्हणाली, पण पडवीत उजेड चांगला होता म्हणून राहिली.

दोन दिवस माणसं डोंगराकडे बघत होती. मोतीराम जेवला, झोपला, ग्रुपवर त्याने बकरीचा फोटो टाकला. तिसऱ्या दिवशी दुपारी कॅमेरा लावायला गेला तर सगळे पडवीच्या बाजूला वळलेले.

तांब्यावरचा तांब्या उभा होता.

त्याने शांतीला पडवीतून उठवून पुढच्या खोलीत बसवलं. पाठीला वारा लागतो म्हणाला. मग पुढच्या खोलीतून ओटीच्या कोपऱ्यात. मग अंथरूण भिंतीपासून सरकवून मधोमध. प्रत्येक वेळी एक-दोन दिवस बरे जात, आणि मग एखाद्या दुपारी ती लाकडी तोंडं शांतीच्या नव्या जागेकडे झालेली दिसत. बुधीबाई रोज ताक न्यायला येई, तिने हे सगळं पाहिलं होतं.

"मोतीरामदादा," ती एकदा म्हणाली, "मांजर पिलं हलवते तसं वहिनीला हलवत बसलाय. मांजरीला निदान बोका दिसलेला असतो. तुला काय दिसलं?"

शांती मनापासून हसली. मोतीरामही हसला, जरा उशिराने.

हार्दिकचा रोज फोन येई. उंबरगावला या, इथे काही हलत नाही. शांतीचं उत्तर ठरलेलं होतं. कोंबड्या कोण बघणार, आणि सूनबाईच्या, रुपलच्या, गोड डाळीने जीव जायचा तो भूकंपाने गेलेला काय वाईट. मोतीरामने दोनदा तिची समजूत घातली. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चढला तेव्हा शांतीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "मला काय झालंय?" तिने विचारलं. "डॉक्टरने काय सांगितलं का माझ्यामागे?"

डॉक्टरने काही सांगितलं नव्हतं. मोतीराम ओटीवर गेला आणि मेणबत्ती पेटवून प्रत्येक झाकणाखाली मेण ओतून त्याने सगळ्यांना टेबलाला चिकटवून टाकलं. तोंडं डोंगराकडे. न्हाव्याला उपटून बघितलं, निघाला नाही. समाधान वाटलं. लगेच एक फोटो काढून ठेवला, पुरावा म्हणून.

चार दिवसांनी दुसरा फोटो काढला आणि दोन्ही कॅमेऱ्यात पाठोपाठ लावून मोठे करून पाहिले. पाय जागचे हलले नव्हते. मेणाला तडा नव्हता. मासळीवालीची पाटी तशीच, लुगड्याचा काष्टा तसाच. मानेपासून वर तेवढी ती वळली होती.

मान वेगळी नव्हतीच. मान, डोकं, धड, सगळं एकाच लाकडाचं. त्यानेच कोरलेलं. त्याने अंगठ्याने तिच्या गळ्यावरून हळूच चाचपून बघितलं. रंग कुठे तडकला नव्हता. लाकडाचे धागे गळ्यापाशी पीळ घेऊन वर गेले होते, मुळात तसंच झाड वाढलं असावं तसे.

आपणच असं कोरलं असेल, असं त्याने ठरवलं. मग जुना फोटो पुन्हा उघडला नाही.

४

फेब्रुवारीत मोठा धक्का आला तो दुपारी, जेवणं आटोपल्यावर. जमिनीखालून कोणीतरी खांदा लावावा तसा आवाज झाला, कौलं घसरली, आणि घराची मागची, गुरांच्या बाजूची भिंत कमरेपर्यंत उतरली. मोतीरामने शांतीला दंडाला धरून अंगणात ओढलं. दोघं धुळीने पांढरी झाली होती. शांती खोकत होती, आणि खोकता खोकता कोंबड्या मोजत होती.

संध्याकाळपर्यंत ताडपत्रीचा तंबू मिळाला. घरापासून चांगला लांब, आंब्याच्या पलीकडे मोकळ्यावर त्यांनी तो ठोकला. त्या रात्री मोतीराम कित्येक आठवड्यांनी गाढ झोपला. वर कापड, खाली जमीन, आजूबाजूला काही नाही. कापड पडून कोणी मेल्याचं त्याच्या वाचनात नव्हतं.

दोन दिवसांनी तांदळाचा डबा आणायला म्हणून तो घरात शिरला. रिकाम्या घरात कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पडले होते. आत शिरल्यावर त्याला उगाच हळू चालावंसं वाटलं. ओटीवर तांब्यावर तांब्या उभा होता. मोठ्या धक्क्यात पडलेला त्यानेच पुन्हा मांडला होता. म्हणजे त्यानंतर जमीन हलली नव्हती.

टेबलावरची सगळी माणसं खिडकीतून बाहेर बघत होती.

ती बघतात तिकडे मोतीरामने पाहिलं. खिडकी, खिडकीबाहेर आंबा, आंब्यापलीकडे तंबू. तंबूच्या तोंडाशी शांती बुधीबाईशी बोलत बसली होती.

आता तिथे पडायला काय आहे, हा प्रश्न त्याने नीट, सावकाश विचारला. आंबा लांब होता. विजेचा खांब नव्हता. आभाळ तेवढं होतं. मग त्याला मागची भिंत आठवली. एवढ्या दिवसांत खरोखर पडली ती तीच, आणि तिच्याकडे यांच्यातल्या एकानेही कधी पाहिलं नव्हतं. फळी पडली ती एकदाच, आणि फळ्या काय, घरभर होत्या. पडवी उभी होती. पुढची खोली उभी होती. ओटीचा कोपरा उभा होता. ज्या ज्या जागेवरून त्याने शांतीला उठवलं तिथे एक कौलही फुटलेलं नव्हतं.

जागेत काही नव्हतं.

आतल्या खोलीत काहीतरी वाजलं. उंदीर असेल. तो तांदूळ न घेताच बाहेर आला.

५

त्या दिवशी त्याने हार्दिकला फोन करून गाडी घेऊन ये म्हणून सांगितलं, आणि शांतीने ऐकायच्या आत फोन ठेवला. हार्दिक म्हणाला, उद्या सकाळी येतो. सकाळ लांब होती. आत्ता फक्त दुपार कलली होती.

शांती तंबूत कंटाळली होती. तिला शेणाने सारवायला जमीन नव्हती, मांडायला भांडी नव्हती, आणि नवरा सकाळपासून तिच्या आजूबाजूला घुटमळत होता.

"ते तुमचं टेबल आणा ना बाहेर," ती म्हणाली. "तुमच्या हाताला काय तरी काम. मला तरी सुटका."

त्याने नको म्हणून पाहिलं. मग बुधीबाईच्या जावयाला घेऊन शांतीनेच ते उचलून आणवलं, मातीसकट, माणसांसकट, आणि तंबूसमोर ठेववलं. जावई निघून गेला. तिने स्वतः फ्लेक्स बांबूला बांधला. ऊन पाठीशी येईल असं टेबल वळवलं, इतक्या वर्षांत तेवढं तिला माहीत झालं होतं. मोतीरामने टोप उलटा घातला, पाट ठेवला, कॅमेरा लावला. नाही म्हणायला कारण सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला बघायचं होतं.

सगळी माणसं डोंगराकडे बघत होती. अर्धी वळलेली, शिस्तीत. त्याला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

शांती कळशी घेऊन हापशावर गेली. त्याने एक फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितला. मान वर केली. माणसं उजवीकडे, हापशाकडे बघत होती.

त्यांना हलताना त्याने पाहिलं नाही. ती हललीच नव्हती, आधीपासून तशीच असावीत तशी दिसत होती. हापशाचा दांडा कुईकुई करत होता. मग तो थांबला. शांती चालत येत होती, चेपलेली कळशी कमरेवर, आणि मोतीराम तिच्याकडे न बघता माणसांकडे बघत होता. डोळ्याची पापणी लवली की तोंडं थोडी इकडे आलेली असत. न्हावी, म्हातारा, मासळीवाली, मुलगी. बकरीसुद्धा.

शांतीने कळशी ठेवली आणि टेबलाच्या बाजूला चटईवर पाय पसरून बसली. पदराने तोंड पुसलं.

"काढलात?" तिने विचारलं.

त्याने काढला. पडद्यावर मोठा केला. मासळीवालीचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा, त्यावर डोळे म्हणून एका केसाच्या कुंचल्याने ठेवलेले दोन ठिपके. ठिपक्यांना नजर नसते. तरी ते शांतीवर नव्हते. शांती खाली बसली होती. त्यांचं बघणं तिच्या डोक्यावरून मागे, जरा वर जात होतं. उभ्या माणसाच्या तोंडाची उंची असते तेवढं वर.

शांतीच्या मागे गवत होतं, आणि गवतापलीकडे घर. तिथे कोणी नव्हतं. कोंबड्या त्या बाजूला चरत नव्हत्या, एवढंच.

मांजरीला निदान बोका दिसलेला असतो. मोतीरामला आता कळलं की आपण इतके दिवस शांतीला जागा बदलून देत होतो, आणि तिच्यासोबत आणखी कोणाला तरी बदलून देत होतो. स्वयंपाकघरातून पडवीत, पडवीतून खोलीत, खोलीतून इथे, उघड्यावर. दार आपणच उघडून दिलं होतं.

"शांती," तो म्हणाला. आवाज साधा यावा म्हणून त्याने एकदा घसा खाकरला. "इकडे ये. माझ्याजवळ बस."

"आता काय? इथे पण वारा लागतो पाठीला?"

"ये ना."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. उठली, गुडघ्यावर हात टेकत आली, आणि त्याच्या शेजारी, पाटाला खेटून बसली. तिच्या हाताला हापशाच्या लोखंडाचा वास येत होता. त्याने तो हात आपल्या हातात घट्ट धरला. लग्नानंतर असा दिवसाउजेडी धरल्याचं त्याला आठवत नव्हतं. तिलाही आठवत नसावं, कारण तिने बुधीबाईच्या घराकडे एकदा बघून घेतलं.

मग तिचं लक्ष कॅमेऱ्याच्या पडद्याकडे गेलं, आणि ती खुदकन हसली.

"बघा," ती म्हणाली. "आता आली माणसात. सगळी कशी समोर बघतायत. काढा की पटकन."

मोतीरामने बघितलं. ताडाखालचा म्हातारा, न्हावी, पाठमोरी धावणारी मुलगी, एकूण एक कॅमेऱ्याकडे बघत होते. नीट पाहिलं तर कॅमेऱ्याकडेही नाही. त्या दोघांच्या मधून, जरा वर.

ऊन पाठीशी होतं. फोटो काढताना आपली सावली डोंगराच्या पडद्यावर येऊ द्यायची नाही, ही त्याची स्वतःची शिस्त, आणि आज ती मोडली होती. रंगवलेल्या निळ्या आभाळावर डोक्यांच्या सावल्या पडल्या होत्या, शेजारी शेजारी. तो हलला तशी त्यातली एक हलली.

सबंध नोकरी त्याने मोजण्यात घालवली होती. त्या सावल्या त्याने मोजल्या नाहीत. शांतीचा हात धरून, मान न वळवता, त्याने बटण दाबलं.